सीईटीच्या, म्हणजे बारावीनंतरच्या इंजिनिअरिंग प्रवेश परीक्षेच्या, पेपरात या चुका टाळा (पीसीएमवाल्या, म्हणजे फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्सच्या पोरांनी नक्की वाचा)

माझी भाची कळवणची, बारावीला नाशिकला गंगापूर रोडला रूम घेऊन राहिली, वर्षभर मान खाली घालून अभ्यास केला तिने. पेपरच्या दिवशी परत आली तर चेहरा पडलेला. म्हणे मामा केमिस्ट्रीचे एकोणीस प्रश्न उघडलेच नाहीत. रफ पेपरवर काय काय केलं ते तिने मला वहीत काढून दाखवलं, फिजिक्सच्या एकाच सर्किटच्या गणिताला जवळजवळ अख्खं पान, तीनदा खोडलेलं आणि चौथ्यांदा परत मांडलेलं. त्याला मिळणार किती? एक मार्क.

तर पहिली चूक हीच. फिजिक्स ५० आणि केमिस्ट्री ५० असे शंभर प्रश्न, दोघांना मिळून ९० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद पण पूर्ण येत नाहीत जर तुम्ही एकावर पाच मिनिटं घालवली तर. आणि ती ९० मिनिटं संपली की तो भाग बंद, मग मॅथ्स सुरू, मागे जाता येत नाही. म्हणून केमिस्ट्री आधी घ्या, त्यात पाठांतराचे प्रश्न पटापट होतात, ३५-४० मिनिटांत उरका आणि उरलेला वेळ फिजिक्सला द्या. मॅथ्सचं वेगळं आहे, तिथे ५० च प्रश्न, प्रत्येकी २ मार्क, वेळ तेवढाच, तिथे जरा थांबून सोडवलं तरी चालतं.

दुसरी, रिकामे प्रश्न सोडणं. अरे निगेटिव्ह मार्किंग नाहीये सीईटीला, चुकलं तरी मार्क कापत नाहीत! जेईईत कापतात, त्या सवयीने पोरं येत नाही ते सोडून देतात. शेवटची दोन मिनिटं राखून ठेवा आणि राहिलेल्या सगळ्यांना काहीतरी ऑप्शन लावाच.

अकरावी सोडून देणारे पण खूप. साधारण २० टक्के प्रश्न अकरावीचे असतात, एवढे मार्क फुकट का घालवायचे.

पेपर बऱ्याच शिफ्टमध्ये होतो त्यामुळे मित्राला १३० आले नि मला १२० असं करून रडत बसू नका, शिफ्टनुसार पर्सेंटाइल निघतं, आणि पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हे, ९० पर्सेंटाइल म्हणजे तुमच्या शिफ्टमधली ९० टक्के पोरं तुमच्याइतकी किंवा तुमच्या मागे.

सेंटर आडगाव साईडला आलं असेल तर द्वारका चौकातलं ट्रॅफिक धरूनच निघा, सुरगाणा-पेठहून येणाऱ्यांनी आदल्या रात्रीच नाशिकला मुक्कामी या.

आणि आईबाबांनो, कागदपत्रं. आरक्षणातून प्रवेश घ्यायचा असेल तर जात पडताळणीचा अर्ज बारावीतच कॉलेजमार्फत टाका, नॉन क्रिमीलेयरचा दाखला लागत असेल तर तो कुठल्या ३१ मार्चपर्यंत चालणार ते नीट बघा, जुनं असेल तर आत्ताच सेतूत जा. रिझल्टनंतर तिथे उन्हात रांग लागते आणि कॅपची (प्रवेशाच्या केंद्रीय फेऱ्यांची) तारीख कुणासाठी थांबत नाही.