स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतरचे कपडे: निवड, माप आणि छोट्या दुरुस्त्या

शस्त्रक्रियेनंतर पहिले काही महिने छातीचं माप एका जागी ठरत नाही. सूज उतरते, रेडिएशन सुरू झालं की पुन्हा चढते, व्रणाची जागा आखडते आणि सावकाश सैलावते. म्हणून पहिल्याच महिन्यात ब्रा, ब्लाउज आणि सिलिकॉनचा कृत्रिम स्तन अशी सगळी खरेदी उरकून टाकू नका. त्यातलं बरंचसं नंतर अंगाला बसत नाही. सुरुवातीला दोन-तीन सैल कपडे पुरतात, बाकीचं टप्प्याटप्प्याने घ्यावं. खाली दिलेल्या मुदती सर्वसाधारण आहेत. तुमच्या सर्जनने वेगळं सांगितलं असेल तर तेच पाळा.

ड्रेन असेपर्यंत

ड्रेन म्हणजे जखमेत साचणारा द्रव बाहेर काढणारी नळी आणि तिच्या टोकाचा फुगा. या काळात हात खांद्याच्या वर नेता येत नाही, त्यामुळे डोक्यातून घालायचे कपडे बाद. पुढून पूर्ण उघडणारा, नेहमीपेक्षा एक माप मोठा, मऊ सुती शर्ट किंवा गाउन घ्या. बटणं मोठी असू द्या, बारीक हुक लावताना दंडावर ताण येतो.

कपडे बसून घाला. ज्या बाजूची शस्त्रक्रिया झाली आहे तो हात आधी बाहीत घाला, बाही पार खांद्यापर्यंत ओढून घ्या, मग कपडा पाठीमागून फिरवून दुसरा हात घाला. काढताना याच्या उलट: चांगला हात आधी, दुखरा शेवटी. दोन्ही बाजूंची शस्त्रक्रिया असेल तर शर्ट मांडीवर पसरून दोन्ही हात कोपरापर्यंत बाह्यांत घाला आणि पाठीवरून कुणाला तरी वर सरकवायला सांगा.

ड्रेनचा फुगा जखमेपेक्षा खाली राहिला पाहिजे आणि लोंबकळता कामा नये. त्याचं वजन टाक्यावर आलं की तिथे दुखतं आणि लाल होतं. शर्टाच्या आतल्या बाजूला, कमरेच्या थोडं वर, साधारण 12 बाय 15 सेंमीचा सुती खिसा शिवून घ्या. तो वरून उघडा असावा. सेफ्टी पिन लावायची तर फुग्याला असलेल्या कडीतून लावा, नळीतून कधीही नाही. फुगा पायजम्याला किंवा परकराला मात्र अडकवू नका. शौचालयात कपडा खाली सरकवला की नळीला हिसका बसतो, आणि ही चूक फार वेळा होते. अंघोळीच्या वेळी गळ्यात सैल नाडी बांधून तिला फुगा अडकवता येतो. फुगा निम्मा भरायच्या आत रिकामा करा. भरत गेला की त्याची ओढही कमी होते आणि वजनही वाढतं.

बधिर त्वचेकडे डोळ्यांनी पाहायचं

काखेतल्या लसिका गाठी (लिम्फ नोड) काढताना दंडाच्या आतल्या भागाला संवेदना देणाऱ्या नसा अनेकदा दुखावतात. छातीचा काही भागही बधिर होतो. याचा कपड्यांशी थेट संबंध आहे: जाडसर शिवण घासते, हुक रुततो, पिन टोचते आणि कळतच नाही. म्हणून नवीन कपडा पहिल्यांदा तासभरच घाला, काढा आणि आरशात पाहा. लाली अर्ध्या तासात गेली तर ठीक. राहिली, खळगा दिसला किंवा कातडी सोलवटली असेल तर तो कपडा आतून अस्तर लावल्याशिवाय वापरू नका. शिवणी टोचत असतील तर आतला कपडा सरळ उलटा करून घाला. दिसायला विचित्र, पण वरच्या कपड्याखाली कुणाला कळणार आहे?

रेडिएशन चालू असताना तारेची ब्रा, जाळीदार लेस, चिकटपट्टी हे सगळं बंद. जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली सुती ब्रा किंवा नुसती बनियन बरी. रेडिएशनसाठी अंगावर केलेल्या खुणांची शाई कपड्यांना लागू शकते, तेव्हा गडद रंगाचे घ्या.

हलका फॉर्म आधी, सिलिकॉन नंतर

एक स्तन पूर्ण काढला असेल तर जखम बंद झाल्यावर, सर्जनच्या परवानगीने, कापसासारख्या फायबरने भरलेला हलका फॉर्म, म्हणजे ब्रामध्ये ठेवायचा कृत्रिम स्तन, वापरता येतो. तो सुती असतो आणि धुता येतो. अडचण एकच, वजन नसल्याने त्या बाजूची ब्रा वर चढते. फॉर्मच्या मागच्या खालच्या भागात छोटं सपाट वजन कापडात शिवून घातलं, किंवा फॉर्म ब्राला दोन टाक्यांनी अडकवला, की तो जागेवर राहतो. भरण ठासून भरू नका. तो टणक होतो आणि वरून गोळा दिसतो. फायबर बोटांनी पिंजून सैल भरा.

सिलिकॉनचा फॉर्म साधारण सहा ते आठ आठवड्यांनी पाहावा, रेडिएशन झालं असेल तर त्वचा पूर्ण शांत झाल्यावर. त्याचं वजन दुसऱ्या बाजूच्या जवळपास असतं, त्यामुळे खांदे सरळ राहायला मदत होते. स्तनाचा काही भागच काढला असेल तर पूर्ण फॉर्म लागत नाही. आतून पोकळ, वाटीसारखा अर्धा फॉर्म मिळतो, तो उरलेल्या स्तनावर बसतो.

आधी ब्रा ठरवा, मग फॉर्म. उलट केलं तर दोन्ही बदलावे लागतात. एक स्तन नसताना टेप सरळ गोल फिरवून माप चुकतं. छातीच्या हाडाच्या मध्यापासून शिल्लक असलेल्या स्तनाच्या सर्वांत भरदार भागावरून पाठीच्या कण्यापर्यंत मोजा आणि त्याची दुप्पट करा. स्तनाखालचं माप मात्र नेहमीसारखं पूर्ण गोल घ्या. टेप आवळू नका.

ब्रामध्ये या गोष्टी बघा: पूर्ण झाकणारा कप, रुंद पट्टे, खालचा पट्टा रुंद, काखेकडची बाजू उंच, आणि दोन कपांच्या मधला भाग छातीला सपाट टेकलेला. नवी ब्रा सर्वांत बाहेरच्या, म्हणजे सैल हुकावर नीट बसली पाहिजे. इलॅस्टिक पुढे ताणलं जातंच, तेव्हा आतले हुक कामी येतात. पट्ट्याखाली दोन बोटं सरकली पाहिजेत. पट्टा खांद्यात रुतत असेल तर तो सैल करण्याआधी खालचा पट्टा पाहा. बहुतेक वेळा तोच ढिला असतो आणि सगळं वजन खांद्यावर येतं. ब्रा पाठीवर वर चढलेली दिसली तरी तेच कारण. हा मुद्दा दिसण्यापुरता नाही. काखेतल्या गाठी काढल्या असतील तर खांद्यावर, काखेत किंवा दंडावर सतत दाब देणारा कपडा टाळावा, कारण त्या हाताला सूज येण्याचा धोका असतो. बाहीचा काठ संध्याकाळी दंडावर वळ उठवत असेल तर ती बाही उसवून सैल करा. आणि हात जड वाटू लागला तर शिंप्याकडे नाही, डॉक्टरांकडे जा.

फॉर्म घालून अंगाबरोबरचा टी-शर्ट चढवा. समोरून, बाजूने आणि मान खाली घालून वरूनही पाहा. मग जमेल तेवढे हात वर करा, पुढे वाका, कमरेत वळा. मधला भाग उचलला गेला तर फॉर्म मोठा आहे, कपाला सुरकुत्या पडल्या तर लहान.

जुनी ब्रा चांगली असेल तर तिला आतून खिसा लावता येतो. कपाचा आकार कागदावर उतरवा, चारी बाजूंनी 1 सेंमी माया (शिवणीसाठी जादा कापड) ठेवून सुती होजिअरी कापा, ताण आडवा येऊ द्या. काखेकडची कड आधी दुमडून शिवा, ती उघडी राहणार. बाकीच्या कडा कपाला टाचून झिगझॅग टाक्याने शिवा. साधी शिवण घातली तर इलॅस्टिक ताणताच धागा तुटतो. कच्च्या कडा कपाकडे वळवा, अंगाकडे नाही.

वरचे कपडे

ब्लाउज किंवा कुर्ता शिवायला देताना फॉर्म आणि ब्रा घालूनच माप द्या. प्रिन्सेस कट आणि टोकदार टक दोन्ही बाजूंचा फरक ठळक करतात. त्याऐवजी योक, चुण्या किंवा छोट्या प्लेट्स घ्या. गळ्याची खोली उभ्याने ठरवू नका, वाकून ठरवा. मुंढा थोडा वर घेतला की काखेतली ब्रा आणि व्रण दोन्ही झाकतात. ब्लाउज पाठीमागून उघडत असेल तर हुक पुढे घ्यायला सांगा.

आडव्या रेघा आणि चमकदार, अंगाला चिकटणारं कापड थोडासा फरकही दाखवतं. दाट, विस्कळीत नक्षी तो लपवते. अर्थात लपवायलाच हवं असं नाही. फॉर्म न वापरता सपाट छातीने वावरायचं असेल तर अडचण वेगळी येते: टकांची जागा रिकामी राहून कापड आत बसतं. टक उसवून बाजूच्या शिवणीत तेवढं कापड आत घेतलं की कपडा सरळ पडतो. टक नसलेले सरळ कटचे शर्ट तर काहीच न करता बसतात.

पोटाची त्वचा वापरून स्तन पुन्हा घडवला असेल तर व्रण ओटीपोटावरून कमरेच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत जातो. नाडी आणि कडक पट्टा नेमका त्यावर येतो, म्हणून कंबर व्रणाच्या वर जाणारी, मऊ रुंद इलॅस्टिकची असावी. पाठीचा स्नायू घेतला असेल तर ब्राचा पट्टा त्या व्रणावर आडवा येतो, तिथे मऊ कापडाची पट्टी घाला. सर्जिकल ब्रा किती दिवस आणि रात्रीही घालायची का, हे आधीच विचारून ठेवा. नव्या स्तनावर सुरुवातीला घट्ट इलॅस्टिक चालत नाही, रक्तपुरवठ्याला अडथळा येऊ शकतो.

सिलिकॉनचा फॉर्म रोज कोमट पाण्याने आणि सौम्य साबणाने धुऊन टिपून कोरडा करा आणि त्याच्याच डब्यात आकार न बिघडवता ठेवा. पोहून आल्यावर लगेच साध्या पाण्याने धुवा. साडीची पिन, ब्रोच, मांजराची नखं यांपासून जपा. छिद्र पडलंच तर तात्पुरती चिकटपट्टी लावून तो बदलून घ्या. नीट वापरला तर साधारण दोन-तीन वर्षं टिकतो, आणि वजनात पाच-सहा किलोंचा फरक पडला तर त्याआधीच माप पुन्हा घ्यावं लागतं.