हरीण आणि ग्राउंडहॉग या दोन्हींसाठी एकच रायफल: निवड गोळीपासून कशी सुरू करावी

अमेरिकेत पहिली शिकारी रायफल घेऊ पाहणारा माणूस दुकानात गेला की आधी कंपनीची चर्चा होते, मग कॅलिबरची (म्हणजे गोळीच्या व्यासाची, इंचांत), आणि गोळीचा विषय निघालाच तर पैसे चुकते करून काडतुसांची एखादी पेटी उचलताना निघतो. हा क्रम पूर्णपणे उलटा आहे. प्राण्यापर्यंत पोहोचते ती गोळी. साठ-सत्तर किलोच्या व्हाइटटेल हरणाच्या छातीतून आरपार जाणारी गोळी आणि चार-पाच किलोच्या ग्राउंडहॉगला (शेतात बिळे करणाऱ्या, खारीच्या कुळातल्या प्राण्याला) जागीच संपवून तिथेच फुटून जाणारी गोळी या दोन वेगळ्या वस्तू आहेत, आणि एकाच रायफलीकडून दोन्ही कामे करून घ्यायची असतील तर त्या दोन गोळ्या ठरल्याखेरीज रायफल ठरवता येत नाही. पेनसिल्व्हेनियात गेली अठरा वर्षे मी उन्हाळ्यात सोयाबीन आणि अल्फाल्फाच्या शेतांत ग्राउंडहॉग आणि थँक्सगिव्हिंगनंतर जंगलात हरीण अशी शिकार करतो. पुढचे मार्गदर्शन त्या अनुभवातून आलेले आहे.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, त्यामुळे हा लेख परवाना काढून कायदेशीर शिकार करता येते अशा ठिकाणी राहणाऱ्या वाचकांसाठीच आहे.

पहिली पायरी: राज्याचा नियम

कॅलिबर ठरवण्याआधी ज्या राज्यात शिकार करणार त्या राज्याची चालू वर्षाची नियमपुस्तिका वाचावी. न्यू जर्सीत मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत, पण तिथे हरणासाठी सेंटरफायर रायफल (जिच्या काडतुसाच्या बुडाच्या मध्यावर ठोका बसतो ती) चालतच नाही. ओहायोत हरणासाठी फक्त सरळ भिंतीच्या, म्हणजे मानेशी न आवळलेल्या, काडतुसाची रायफल चालते, म्हणजे खाली सांगितलेले एकही काडतूस तिथे उपयोगाचे नाही. व्हर्जिनियात हरणासाठी .२३ किंवा त्याहून मोठे कॅलिबर लागते, तर कोलोरॅडोत किमान .२४ कॅलिबर आणि किमान ७० ग्रेनची गोळी (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे माप). पेनसिल्व्हेनियात हरणासाठी अर्धस्वयंचलित रायफल चालत नाही, त्यामुळे बोल्ट ॲक्शन (दर वेळी हाताने बोल्ट मागे-पुढे करून काडतूस भरायची रायफल) हाच सरळ मार्ग आहे. एच-१बी सारख्या तात्पुरत्या व्हिसावर असणाऱ्यांना केंद्रीय कायद्याने बंदूक बाळगण्यास एरवी मनाई आहे. राज्याचा वैध शिकार परवाना असेल तर त्यातून सूट मिळते. म्हणून त्यांनी परवाना आधी काढावा आणि दुकानात नंतर जावे.

दुसरी पायरी: अंतर

आपल्या जागेवर नेम किती अंतरावर धरावा लागेल ते पावलांनी किंवा रेंजफाइंडरने मोजून लिहून ठेवावे. पूर्वेकडील जंगलात दीडशे यार्डांपलीकडे हरीण क्वचितच दिसते, आणि शेतातला ग्राउंडहॉग बहुधा अडीचशे यार्डांच्या आतच असतो.

तिसरी पायरी: कॅलिबर

इतक्या अंतरासाठी माझे मत पक्के आहे: .२४३ विंचेस्टर घ्यावे. १९५५ मध्ये .३०८ चे पितळी कवच मानेशी आवळून हे काडतूस तयार झाले आणि मुळातच दोन कामांसाठी विकले गेले. ५८ ग्रेनची हलकी गोळी त्यातून सेकंदाला ३,७५० फुटांच्या वेगाने निघते, तर १०० ग्रेनची हरणाची गोळी २,९६० फुटांच्या आसपास. खांद्याला बसणारा धक्का .३०-०६ च्या साधारण निम्मा असतो, आणि हा फायदा नवख्या माणसाला वाटतो त्याहून फार मोठा आहे, कारण धक्क्याला घाबरलेला माणूस चाप ओढायच्या क्षणी डोळे मिटतो आणि ती सवय सुटायला वर्षे लागतात.

हरीण मुख्य आणि ग्राउंडहॉग अधूनमधून, असे ज्याचे असेल त्याने ६.५ क्रीडमूर घेतले तरी चालेल. २००७ मध्ये आलेल्या या काडतुसात ९५ ग्रेनपासून १४३ ग्रेनपर्यंतच्या गोळ्या दुकानात सहज मिळतात. पश्चिमेकडच्या मोकळ्या मैदानांत राहणाऱ्यांसाठी .२५-०६ रेमिंग्टन उत्तम आहे. .२२-२५० फक्त छोट्या उपद्रवी प्राण्यांसाठी अप्रतिम आहे. .२२३ हरणासाठी काही राज्यांत कायदेशीर असले तरी मी ते सुचवत नाही, कारण त्यात चुकीला जागा उरत नाही. .३०-०६ ला हलकी गोळी लावून दोन्ही कामे होतात हा जुना सल्ला मी अनेकदा ऐकला आहे. होतात खरी, पण एका दुपारी चाळीस काडतुसे झाडल्यावर खांदा आणि नेम दोन्ही बिघडतात.

चौथी पायरी: नळीचा पीळ

नळीच्या आत कोरलेल्या पीळदार खाचा गोळीला भोवऱ्यासारखे फिरवतात, आणि ती सरळ जाते ती या फिरण्यामुळेच. एक पूर्ण वेढा किती इंचांत पडतो, त्या आकड्याला ट्विस्ट म्हणतात. आकडा जितका लहान तितका पीळ वेगवान. गोळी जितकी लांब तितका वेगवान पीळ तिला लागतो. लोक वजनाकडे पाहतात, पण खरी गोष्ट लांबीची आहे: तांबे शिशापेक्षा हलके असल्याने निव्वळ तांब्याची ८० ग्रेनची गोळी त्याच वजनाच्या शिशाच्या गोळीपेक्षा लांब भरते आणि जास्त पीळ मागते.

याकडे दुर्लक्ष केले की काय होते, हे १९५५ सालीच दिसले. विंचेस्टरच्या .२४३ सोबतच रेमिंग्टनने .२४४ आणले. तेही ६ मिलिमीटरचेच होते, कवचात दारूही किंचित जास्त मावत असे. पण घेणारा माणूस त्याने वुडचकच (ग्राउंडहॉगचेच दुसरे नाव) मारणार असे गृहीत धरून रेमिंग्टनने १२ इंचांचा सावकाश पीळ दिला आणि ७५ व ९० ग्रेनच्या गोळ्या विकल्या. विंचेस्टरने १० इंचांचा पीळ आणि ८० व १०० ग्रेनच्या गोळ्या दिल्या. लोकांना त्याच रायफलीने हरीणही हवे होते, म्हणून ते विंचेस्टरकडे गेले. रेमिंग्टनने पुढे पीळ ९ इंचांवर आणला आणि १९६३ मध्ये ‘६ एमएम रेमिंग्टन’ असे नवे नावही दिले, तरी गेलेला ग्राहक परत आला नाही. काडतूस म्हणून .२४४ सरसच होते. फरक फक्त पिळाचा होता.

आजच्या .२४३ रायफलींत ९ ते १० इंचांचा पीळ सर्रास असतो, आणि ५५ ते १०० ग्रेनच्या नेहमीच्या शिकारी गोळ्यांना तो पुरतो. १०३ ग्रेनची नवी, लांब आणि निमुळती गोळी मात्र ८ इंचांचा पीळ मागते. पिळाचा आकडा कंपनीच्या तपशिलात किंवा नळीवर पाहावा, विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनावर राहू नये. जुनी रायफल असेल तर ती रिकामी असल्याची दोनदा खात्री करून बोल्ट काढावा, साफ करायच्या सळईला घट्ट बसणारे फडके लावून ती नळीत घालावी, सळईवर खूण करावी आणि खूण एक पूर्ण फेरी मारेपर्यंत सळई किती इंच आत गेली ते मोजावे. पीळ कमी पडत असेल तर कागदावर गोल भोकाऐवजी लांबट, फाटलेले भोक दिसते. असे एकही भोक दिसले तर ती गोळी त्या रायफलीसाठी कायमची बाद समजावी.

पाचवी पायरी: रायफल

हे सगळे ठरल्यावर रायफल निवडणे सोपे असते. टिक्का टी३एक्स, सॅव्हेज ११०, हॉवा १५०० आणि तिच्याच बांधणीची वेदरबी व्हॅनगार्ड, बर्गारा बी-१४, रूगर अमेरिकन यांपैकी जी खांद्याला नीट बसेल आणि जिचा चाप अडखळत नाही ती घ्यावी. माझी पसंती टिक्काला आहे, ती तिच्या बोल्टच्या सहज चालीसाठी. एक डॉलरची नोट नळी आणि तिच्याखालच्या दस्त्याच्या मधून कोठ्यापर्यंत (काडतूस बसते त्या भागापर्यंत) न अडकता सरकवून पाहावी. अडकली तर दस्ता नळीला टेकतो आहे आणि नळी तापली की गोळ्या भरकटतील. जाड वारमिंट नळीचा (छोट्या उपद्रवी प्राण्यांच्या शिकारीसाठीच्या नळीचा) मोह टाळावा. ती नऊ-दहा पौंडांची रायफल खांद्यावर घेऊन नोव्हेंबरच्या चिखलात डोंगर चढावा लागतो.

सहावी पायरी: एक रायफल, दोन गोळ्या आणि दोन नेम

येथे मी स्वतः तीन हंगाम अडखळलो.

पहिली चूक तीन गोळ्यांच्या ग्रुपवर (कागदावरच्या भोकांच्या झुबक्यावर) विश्वास ठेवण्याची. बहुतेक कंपन्यांची कोनाच्या ‘एक मिनिटाची’ (अंशाच्या साठाव्या भागाची) हमी, म्हणजे शंभर यार्डांवर १.०४७ इंचांचा पसारा, फक्त तीन गोळ्यांची असते. मी नवीन .२४३ घेतली तेव्हा पहिल्या तीन गोळ्या अर्ध्या इंचात बसल्या आणि तो कागद मी जपून ठेवला. नंतर त्याच पेटीतल्या दहा गोळ्या एकाच कागदावर झाडल्या, तेव्हा त्या दीड इंचात पसरल्या. रायफल बिघडली नव्हती. तिची खरी कुवत दीड इंचच होती आणि पहिला ग्रुप योगायोगाचा होता. दहा गोळ्या दीड इंचात बसवणारी कारखान्यातली रायफल उत्तम समजावी. दोनशे यार्डांवर तो पसारा तीन इंचांचा होतो आणि ग्राउंडहॉगच्या छातीत मावतो. त्यापलीकडे नेम धरायचा नाही, हेही त्याच आकड्यावरून ठरते.

म्हणून हरणाच्या गोळीचे दोन-तीन प्रकार आणि हलक्या गोळीचे दोन-तीन प्रकार यांची एकेक पेटी आणावी. टेबलावर वाळूच्या पिशव्यांचा पुढे-मागे आधार घेऊन प्रत्येक प्रकाराच्या पाच-पाच गोळ्या दोन वेळा एकाच कागदावर झाडाव्यात, आणि दर पाच गोळ्यांनंतर नळी हाताला कोमट लागेपर्यंत थांबावे. बारीक शिकारी नळी तापलेली असताना झाडलेल्या गोळ्या काहीही शिकवत नाहीत आणि नळीचा घसा मात्र झिजवतात. सर्वात महागडी पेटी जिंकेल असे धरून चालू नये. माझ्या रायफलीला हरणासाठी सगळ्यात साधी, मऊ टोकाची १०० ग्रेनचीच गोळी मानवली. जी दोन काडतुसे ठरतील त्यांच्या एकाच लॉटच्या आठ-दहा पेट्या लगेच घ्याव्यात, कारण लॉट बदलला की नेम थोडा हलू शकतो.

दुसरी चूक याहून गंभीर होती. हलकी आणि जड गोळी एकाच रायफलीतून वेगळ्या जागी लागतात, हे मला माहीत होते. पण फरक फक्त वर-खाली असेल आणि तोही बोटभर, असे मी धरून चाललो होतो. प्रत्यक्षात माझी १०० ग्रेनची गोळी शंभर यार्डांवर ५८ ग्रेनच्या गोळीपेक्षा चार इंच खाली आणि दीड इंच उजवीकडे लागत होती. ऑगस्टमध्ये रायफलीवरची दुर्बीण हलक्या गोळीला जुळवली होती. नोव्हेंबरच्या शेवटी मी तशीच रायफल घेऊन, फक्त काडतुसे बदलून, जंगलात गेलो. १८० यार्डांवर एक मादी आडवी उभी होती. नेम छातीच्या मध्यावर होता, पण गोळी बरगड्यांच्या खालच्या कडेला लागली आणि ती पळाली. रक्ताचा माग काढायला सहा तास लागले आणि शेवटची गोळी मला तिच्याजवळ जाऊन घालावी लागली. त्या जनावराने सोसलेले सहा तास पूर्णपणे माझ्या आळसाचे होते, आणि नव्या शिकाऱ्याला मी हे प्रत्येक वेळी सांगतो.

यावर दुकानात मिळालेला सल्ला असा होता की दोन्ही कामांना हलकीच गोळी वापरावी आणि हरणाच्या मानेवर नेम धरावा. हा सल्ला कुणीही मानू नये. पातळ वेष्टणाची वारमिंट गोळी मुद्दाम लागताक्षणी फुटण्यासाठी बनवलेली असते. ग्राउंडहॉगवर, दगडाळ शेतात उसळी न घेता तिथेच फुटून जाणे हा तिचा मोठा गुण आहे; हरणाच्या खांद्यावर मात्र ती वरच्यावर फुटून मोठी, उथळ जखम करते आणि जनावर जिवंत पळते. पूर्ण वेष्टणाची लष्करी गोळी तर दोन्ही कामांना अयोग्य आहे.

उपाय साधा आहे, पण तो शिस्तीने करावा लागतो. दुर्बिणीचा मूळ नेम हरणाच्या गोळीलाच जुळवावा: शंभर यार्डांवर दीड ते दोन इंच वर, म्हणजे दोनशेला ती बरोबर मध्यात येते. बुरुजावरचे (दुर्बिणीवरच्या, नेम हलवायच्या फिरत्या खुंटीवरचे) शून्य या गोळीचे. मग हलकी गोळी झाडून तिला हरणाच्या गोळीच्याच जागी आणायला बुरुजाच्या किती टिचक्या कोणत्या दिशेला लागतात ते मोजावे आणि दस्त्यावर चिकटपट्टी लावून त्यावर पक्क्या शाईने लिहावे. माझ्या दस्त्यावर ‘५८: १६ खाली, ६ उजवीकडे’ असे लिहिले आहे. हे आकडे माझ्या रायफलीचे आहेत, दुसऱ्याच्या कामाचे नाहीत. उन्हाळ्यात शेतातून परत आल्यावर, रायफल कपाटात ठेवण्यापूर्वी, बुरूज शून्यावर आणावेत. हलकी काडतुसे रायफलीच्या पिशवीत कधीच राहू देऊ नयेत. मी ती वेगळ्या खोलीत ठेवतो.

हंगामाच्या दोन आठवडे आधी सलग तीन दिवस सकाळी रेंजवर जावे आणि थंड नळीतून, हरणाच्या काडतुसाची, रोज फक्त एक गोळी एकाच कागदावर झाडावी. तीन दिवसांची तीन भोके तीन इंचांच्या आत आणि ठरवलेल्या उंचीवर असतील तरच परवाना खिशात घालून जंगलाकडे निघावे. नसतील तर दुर्बिणीच्या कड्यांचे आणि दस्त्याचे स्क्रू तपासावेत आणि चौथ्या दिवशी पुन्हा पहिल्या गोळीपासून सुरुवात करावी.