बंद पडलेल्या हॉटेलावरून घराण्याचा माग कसा काढावा

"आमच्या पणजोबांचं स्टँडसमोर हॉटेल होतं." बऱ्याच घरांत एवढं एकच वाक्य शिल्लक असतं. हॉटेल कधीच बंद पडलेलं असतं, जागेवर दुसरंच दुकान उभं असतं आणि माहीतगार माणसं एकेक करून निघून गेलेली असतात. तरीही त्या एका वाक्यावरून बरंच मागे जाता येतं.

ज्याची जमीन होती, त्याचं नाव सातबाऱ्यावर आणि फेरफारात सापडतं. कोकणातून, कारवारातून किंवा उडुपीकडून निघून शहरात चहाच्या भट्टीपाशी उभा राहिलेल्या माणसाचं नाव शहरातल्या जमिनीच्या कागदांत नसतं. त्याचा पत्ता म्हणजे ते हॉटेल. मात्र हॉटेल चालवायला परवाना लागायचा, भाडं भरावं लागायचं, भांडवलासाठी भागीदार घ्यावा लागायचा आणि वाद झाला की कोर्टात जावं लागायचं. या प्रत्येक ठिकाणी कुणीतरी त्याचं नाव लिहून ठेवलेलं आहे.

आधी घरातल्या माणसांना विचारा

"हॉटेल कोणत्या साली सुरू झालं?" हा प्रश्न विचारू नका. साल कुणाला आठवत नाही, आणि विचारलंच तर अंदाजाने ठोकून दिलं जातं. तेच साल मग घरात कायमचं चिकटतं. त्याऐवजी असं विचारा: गल्ल्यावर कोण बसायचं? भटारखान्यात कोण होतं, त्याला काय नावाने हाक मारायचे? कामाची पोरं रात्री कुठे झोपायची? दूध कुणाकडून यायचं, उधारी कुठल्या किराणा दुकानात होती? चहा किती आण्यांना होता, की पैशांत होता? पुण्यातलं हॉटेल असेल तर पानशेतचा पूर (१२ जुलै १९६१) आला तेव्हा ते चालू होतं का? साताऱ्या-सांगलीकडचं असेल तर गांधीहत्येनंतरच्या १९४८ च्या जाळपोळीत त्याचं काय झालं? आठवणी घटनांना बांधलेल्या असतात. घटनेची तारीख आपल्याला माहीत असते.

मग ट्रंकेतले कागद काढा. बिलबुक, छापील पत्र, दरपत्रक, पाटीचा फोटो, काहीही चालेल. तारीख नसली तरी काळ ठरवता येतो. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर कागद १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा. नुसतं "मुंबई ४" किंवा "पुणे २" असेल तर बहुधा त्याआधीचा. तेच पुढे ४००००४ आणि ४११००२ झाले. सवयीने लोक जुना आकडा पुढेही लिहीत राहिले, म्हणून या एकाच खुणेवर भिस्त ठेवू नका. दर आण्यांत असतील तर १ एप्रिल १९५७ च्या आधीचा किंवा फार तर त्यानंतरच्या थोड्या काळातला. "नये पैसे" लिहिलं असेल तर १९५७ ते १९६४ या सात वर्षांतला, आणि हा पुरावा फार पक्का. "मुंबई राज्य" असा उल्लेख म्हणजे १ मे १९६० च्या आधी छापलेलं. पावतीवरच्या रेव्हेन्यू तिकिटावर सहाव्या जॉर्जचं डोकं असेल, तर स्वातंत्र्याच्या आगेमागे शोधा.

रोजकीर्द आणि खतावणी या हिशेबाच्या वह्यांवर इंग्रजी साल नसतं, तिथे हिशेब करावा लागतो. शके असेल तर गुढीपाडव्यापासून डिसेंबरपर्यंत ७८ मिळवा, जानेवारी ते फाल्गुनअखेर ७९. दिवाळीला वही बदलणाऱ्यांचं विक्रम संवत असेल तर दिवाळी ते डिसेंबर ५७ वजा करा, पुढच्या दिवाळीपर्यंत ५६. म्हणजे संवत २००७ ची वही दिवाळी १९५० ला उघडली. मराठवाड्यातल्या निजामकालीन कागदांवर फसली साल दिसतं; त्यात ५९० मिळवले की जवळपास पोहोचता.

एका हॉटेलाची तीन नावं

सगळ्यात जास्त लोक इथे चुकतात. नगर भूमापन कार्यालयातून मालमत्ता पत्रक काढतात, त्यावर भलत्याच आडनावाचा मालक दिसतो आणि "आपलं हॉटेल नव्हतंच बहुतेक" म्हणून शोध सोडून देतात. बहुतेक हॉटेलं भाड्याच्या किंवा पागडीच्या जागेत चालत. त्यामुळे जागेचा मालक, परवानाधारक आणि प्रत्यक्ष चालवणारा अशी तीन वेगळी माणसं धरूनच चाला. कधी हे तिघे एकच निघतात, पण ते शेवटी ठरवायचं.

मालमत्ता पत्रकावर जागेचा मालक मिळतो. त्याच कार्यालयात चौकशी नोंदवहीही मागा; शहराची मोजणी झाली तेव्हा कोणाचा कोणत्या जागेवर काय हक्क आहे, याची चौकशी त्यात नोंदलेली असते. हॉटेलवाल्यासाठी मात्र खरा उपयोग नगरपालिकेच्या घरपट्टी आकारणी नोंदवहीचा. तिच्यात मालकाबरोबर भोगवटादाराचाही, म्हणजे जागा प्रत्यक्ष वापरणाऱ्याचाही, रकाना असतो आणि आपला माणूस तिथे सापडतो. खेडेगावात हेच काम ग्रामपंचायतीचा नमुना ८ करतो. घरनंबर मधल्या काळात बदललेले असतात, म्हणून नंबराच्या मागे न लागता शेजारचं देऊळ, टॉकीज, पेठेचा कोपरा धरून नोंदी जुळवा. विदर्भातल्या शहरांत जागा नझूलची, म्हणजे सरकारी मालकीची, असेल तर नझूलचे कागद वेगळे पाहावे लागतात.

भाड्याचा वाद झाला असेल तर तुमचं नशीब चांगलं. मुंबई भाडे, हॉटेल व लॉजिंग हाऊस दर नियंत्रण कायदा, १९४७ हा पन्नास वर्षांवर लागू होता, आणि त्याखालचे मुंबई-पुण्यातले दावे लघुवाद न्यायालयात चालत. दाव्याच्या कागदात भाडेकरू कधीपासून जागेत आहे, आधी बाप होता की भाऊ, वारस कोण, हे सगळं शपथेवर लिहिलेलं असतं. दाव्याचा क्रमांक किंवा निदान वर्ष हाताशी असल्याशिवाय रेकॉर्ड रूममध्ये जाऊन उपयोग नाही.

परवान्याची नोंद मागताना

मुंबई दुकाने व संस्था अधिनियम, १९४८ खाली नोंदणी, पालिकेचा आरोग्य परवाना आणि पोलिसांकडची उपाहारगृहाची नोंद, ही तीन दारं. २०११ च्या आधी बंद पडलेल्या हॉटेलासाठी आत्ताच्या अन्न सुरक्षा परवान्यात शोधू नका, तिथे काही मिळणार नाही.

माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. महाराष्ट्रात तो एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत लागतो. बहुतेक अर्ज फसतात ते "परवान्याची प्रत द्या" असं लिहिल्यामुळे. सरकारी दप्तराचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात. अ कायम ठेवतात, ब तीस वर्षं, बाकीचं लवकर नष्ट करतात. परवान्याची फाइल केव्हाच गेलेली असते, नोंदवही मात्र टिकलेली असू शकते. म्हणून असं लिहा:

"सन १९५० ते १९६५ या काळातील, अमुक पेठ, घर क्रमांक तमुक येथील उपाहारगृह, चहाचे दुकान, खाणावळ किंवा बोर्डिंग यांच्या परवाना नोंदवहीतील नोंदींच्या प्रती मिळाव्यात. नोंदवही नष्ट केली असल्यास नष्ट केलेल्या अभिलेखांच्या यादीची प्रत मिळावी. नोंदवही उपलब्ध असल्यास प्रत्यक्ष पाहणीची परवानगी मिळावी."

आपण ज्याला सरसकट हॉटेल म्हणतो ते कागदावर चहाचं दुकान, विश्रांतीगृह, हिंदू हॉटेल, खाणावळ, काहीही असू शकतं, म्हणून चार नावं घालायची. पाहणीची मागणी कधीही गाळू नका. स्वतः पानं उलटताना शेजारच्या नोंदीत चुलत्याचं नाव सापडतं. "त्रयस्थाची वैयक्तिक माहिती" म्हणून नकार आला तर पहिल्या अपिलात कलम ८(३) दाखवा: वीस वर्षांपूर्वीच्या घटनेची माहिती काही मोजके अपवाद सोडले तर द्यावी लागते. अपील तीस दिवसांत करा.

भागीदारीचा कागद: इथे मूळ गाव सापडतं

दोन-तीन मित्र, मेहुणे किंवा गाववाले मिळून हॉटेल काढत. फर्मची नोंदणी केली असेल तर ती भारतीय भागीदारी अधिनियम, १९३२ खाली निबंधक, भागीदारी संस्था यांच्याकडे असते. नोंदणीच्या विवरणात फर्मचं नाव, धंद्याची जागा, प्रत्येक भागीदार कधी आला ती तारीख, पूर्ण नावं आणि कायमचे पत्ते द्यावे लागत. "मु. पो." पासून पुढचा तो कायमचा पत्ता म्हणजे बहुतेक वेळा मूळ गाव. सगळ्या शोधात याहून मोलाची ओळ मिळत नाही. फी भरून हे रजिस्टर कुणालाही पाहता येतं. नोंदणी सक्तीची नव्हती, त्यामुळे नोंद नसली म्हणजे भागीदारी नव्हती असं होत नाही.

उडुपी-मंगळूरकडचे भागीदार निघाले तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. दक्षिण कानडा जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मद्रास राज्यात होता, जुने कागद त्या हिशेबाने शोधावे लागतात. आणि बंट समाजात अळियसंतान पद्धतीने वारसा आईच्या बाजूने चालत असे. हॉटेल मामाकडून भाच्याकडे गेलेलं दिसलं, तर मुलगा नव्हता असा निष्कर्ष काढू नका. त्याच भागातल्या ब्राह्मण हॉटेलवाल्यांत मात्र वारसा बापाकडून मुलाकडे.

गाव कळलं की नेहमीच्या वाटा मोकळ्या होतात: तहसीलमधलं कोतवाल बुक (गाव नमुना १४), शाळेचं जनरल रजिस्टर, आडनावाचा कुलवृत्तांत छापला असेल तर तो, नाशिक-त्र्यंबकेश्वर-पंढरपूरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या, आणि कोल्हापूर-सांगलीकडे घराण्यांच्या पिढ्या नोंदवून ठेवणाऱ्या हेळव्यांच्या वंशावळी. जुन्या नोंदी मोडीत असतात. वाचून घेताना लिप्यंतरासोबत मूळ पानाचा फोटो ठेवा. जनगणनेची घरोघरची पत्रकं मिळतील या आशेवर राहू नका, ती पाहायला खुली नसतात.

वर्तमानपत्रं

साल चार-पाच वर्षांच्या आत आवळल्याशिवाय ग्रंथालयात जाऊ नका. बांधीव फाइलींना सूची नसते, रोजचा अंक उलटावा लागतो. उद्घाटनाच्या जाहिराती पाडवा, दसरा आणि दिवाळीच्या आठवड्यात, तर भागीदार वेगळा झाल्याच्या आणि धंदा विकल्याच्या बातम्या जाहीर नोटिशींत मिळतात. पुणे नगर वाचन मंदिर, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर अशा जुन्या संस्थांत आधी विचारून जा. पानं ठिसूळ झालेली असतात आणि फोटोला परवानगी लागते.

पाटीवरचं आडनाव

हॉटेल विकलं तरी पाटी तीच राही, कारण गिऱ्हाईक नावावर येत असे. गावही मग नव्या मालकाला जुन्याच आडनावाने हाक मारी. त्यामुळे "जोश्यांचं हॉटेल" चालवणारा जोशी असेलच असं नाही, आणि कुणी सांगितलेली आठवण कोणत्या मालकाची हे गल्ल्यावरच्या माणसाच्या वर्णनावरून तपासावं लागतं. "न्यू" लागलेली पाटी दिसली तर फाटाफूट किंवा विक्री झाली होती का ते पाहा. प्रत्येक नोंदीसमोर कार्यालय, नोंदवही, पान आणि तारीख लिहा. कायदेशीर कामाला लागणार असेल तर फोटोवर न थांबता प्रमाणित नक्कल घ्या.

तुमचा माणूस मालक नसून आचारी किंवा वेटर असेल, तर जुन्या छापील मतदार यादीत हॉटेलाचा घरनंबर काढा. कामगार तिथेच राहत असल्याने एकाच नंबरावर वेगवेगळ्या आडनावांचे पुरुष ओळीने दिसू शकतात. त्यांतली दोन-तीन आडनावं कोकणातल्या एकाच गावची निघाली, तर त्या गावाचं मुंबईतलं ग्रामस्थ मंडळ गाठा. गावकीच्या, म्हणजे गाववाल्यांच्या सामाईक, खोलीत राहिलेल्यांची नावं आणि वर्गणीच्या वह्या बऱ्याच मंडळांनी जपून ठेवलेल्या आहेत. जाताना यादीची प्रत न्या, कारण त्यातली बाकीची नावंही कुणीतरी शोधत असतं.