बाळासाठी कॉट घेताय? दुकानात जाताना टेप बरोबर ठेवा

बारशाला पाळणा लागतोच, त्यात दुमत नाही. खरा प्रश्न त्यानंतरचा: रोज रात्री बाळाने झोपायचं कुठे? बाळ कुशीवर वळायला लागलं की पाळणा एका बाजूला कलतो, पाय कडेला लागतात, आणि घरात कॉटचा विषय निघतो. सोलापूरच्या नवी पेठेत चक्कर मारा नाहीतर मोबाइलवर शोधा, समोर येणाऱ्या कॉट दिसायला सगळ्या सारख्याच. पांढऱ्या नाहीतर गुलाबी, झालर लावलेल्या, चारी बाजूंनी गुबगुबीत उशा बांधलेल्या. दुकानदार गादी, लोड, उशी, रजई असा सगळा संच एकदम पुढे करतो. माझं मत आधीच सांगून टाकते: त्या संचातली गादी सोडली तर बाकी काहीच कॉटमध्ये असू नये. पैसे लाकडात, गजांत आणि गादीत घाला.

१. आधी घरातली जागा मोजा

कॉट साधारण दोन मापांत मिळते. लहान कॉट ६० बाय १२० सेंटिमीटर, म्हणजे दोन फूट बाय चार फूट. मोठी ७० बाय १४० सेंटिमीटर. हिच्या बाजू पुढे काढता येतात आणि मूल तीन-चार वर्षांचं होईपर्यंत तिचाच छोटा पलंग होतो. पैशांचा विचार केला तर मोठी परवडते, पण शहराच्या पूर्व भागातल्या दोन खोल्यांच्या घरात ती ठेवल्यावर कपाटाचं दार उघडेल का, हे आधी बघावं लागतं. सोपी युक्ती म्हणजे खडूने जमिनीवर त्या मापाचा चौकोन आखा आणि दोन दिवस त्याच्या बाहेरून वावरून बघा. रात्री अंधारात उठून मोरीपर्यंत जाताना पाय अडखळत असेल तर लहान कॉट घ्या.

चौकोन आखायचा तो तुमच्याच झोपायच्या खोलीत. निदान पहिले सहा महिने बाळाने आईवडिलांच्या खोलीत, पण स्वतःच्या वेगळ्या अंथरुणावर झोपावं, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. मोठ्यांच्या पलंगावर भिंतीच्या बाजूला बाळाला ठेवलं की गादी आणि भिंत यांच्यातल्या फटीत ते घसरण्याची भीती असते, आणि तिथे उशा लावून ती फट बुजवणं म्हणजे आगीतून फुफाट्यात.

जागा ठरवताना पश्चिमेची भिंत टाळा. सोलापुरात ती भिंत दुपारभर तापते आणि रात्री उशिरापर्यंत ऊब सोडत राहते. वरच्या मजल्यावर राहत असाल तर स्लॅबचंही तेच. पडद्याच्या दोऱ्या, चार्जरच्या वायरी, कूलरची केबल कॉटपासून किमान तीन फूट लांब हवी. कॉटच्या बरोबर वर फोटोची फ्रेम किंवा फळी नको. आणि घरात विड्या वळण्याचं काम चालत असेल तर बाळाची खोली वेगळी ठेवा. तंबाखूची धूळ तिथे नको. घरातल्या कुणी विडी-सिगारेट ओढू नये, निदान बाळाच्या आसपास तरी नाहीच. त्या धुराने झोपेतल्या मृत्यूचा धोका वाढतो.

२. दुकानात टेप काढा, लाजू नका

पहिलं माप दोन गजांमधल्या अंतराचं. ते सहा सेंटिमीटरपेक्षा, म्हणजे सव्वादोन इंचांच्या थोडं वर, जास्त नसावं. त्याहून मोठ्या फटीतून बाळाचं अंग आधी बाहेर सरकतं आणि डोकं आत अडकतं. अपघात असाच होतो. सगळे गज मोजा. एखादा गज हाताने फिरत असेल, सैल असेल, तर ती कॉट तिथेच ठेवा. बाजू आडव्या पट्ट्यांच्या नकोत, उभ्या गजांच्याच हव्यात. आडव्या पट्ट्या म्हणजे वर्षाच्या बाळासाठी शिडी.

दुसरं माप उंचीचं. गादी ठेवायचा तळ दोन-तीन उंचींवर लावता येईल अशी कॉट बघा. तळ सगळ्यात खाली असताना तळापासून कठड्याच्या वरच्या काठापर्यंत ६० सेंटिमीटर उंची हवी. त्यातून गादीचे दहा गेले तरी पन्नास उरतात, आणि उभं राहायला शिकलेल्या बाळाला तेवढा कठडा पुरतो.

मग खाली वर सरकणाऱ्या बाजूकडे बघा. एका हाताने बाजू खाली घेता येते म्हणून अशा कॉट फार लोकप्रिय होत्या. पण खिट्ट्या झिजतात, बाजू एका कोपऱ्यात निसटते आणि तयार झालेल्या फटीत बाळ अडकतं. अमेरिकेने २०११ पासून अशा कॉटच्या विक्रीवर बंदीच घातली. आपल्याकडे त्या अजून दिसतात. चारही बाजू पक्क्या असलेलीच घ्या. कमरेला थोडं वाकावं लागेल, तेवढं चालतं.

कोपऱ्याचे खांब कठड्याच्या वर डोकं काढून उभे नसावेत, कारण झबल्याची नाडी किंवा बाही त्यांना अडकते. डोक्याकडच्या फळीत नक्षीची भोकं नकोत. चाकं असतील तर किमान दोन चाकांना लॉक हवा आणि तो तिथेच दाबून बघा. शेवटी कठडा दोन्ही हातांनी धरून जोरात हलवा. दुकानदार कपाळाला आठ्या घालेल, घालू द्या.

घडी करून नेता येणारी जाळीची कॉट गावी न्यायला सोयीची असते. फक्त तिच्यात तिच्याबरोबर आलेली पातळ गादीच वापरायची. "फार कडक आहे हो" म्हणून वर दुसरी गादी टाकली की जाळी आणि गादीच्या मध्ये खोबण तयार होते.

३. गादी कडक आणि नेमक्या मापाची

मोठ्या माणसाला जी गादी आरामदायी वाटते ती बाळासाठी चुकीची असते. तळहाताने दाबा आणि हात उचला. हाताचा ठसा राहिला तर ती गादी नको. गादी आणि कठड्याच्या मध्ये दोन बोटांपेक्षा जास्त फट राहू नये. काथ्याची गादी, वर पातळ फोमचा थर आणि सुती कव्हर, ही जोडी आपल्या हवेला चांगली. पिंजून घेतलेल्या कापसाची गादी नवी असताना छान लागते, पण पुढे तिच्यात मधोमध खळगा पडतो. रेक्झिनचं उघडं आवरण उन्हाळ्यात पाठीला चिकटतं आणि घामोळं उठतं. ओल खाली जाऊ नये म्हणून रबरी शीट घालायचीच असेल तर ती सुती चादरीखाली, सुरकुती न पडता, ताणून. चादर चारी कोपऱ्यांत रबर असलेली घ्या. ती सहज निघत असेल तर मापाची नाही.

४. ऊन, पंखा, डास

बाळाची खोली १६ ते २० अंशांत ठेवा, असं ब्रिटनमधल्या पुस्तिका सांगतात. एप्रिल-मे महिन्यात पारा ४० च्या वर असताना सोलापूरकराने हे वाचून हसावं की रडावं! तेव्हा थर्मामीटरचा नाद सोडा आणि बाळाची मान व छाती चाचपून बघा. मान घामेजलेली, छाती गरम लागली तर बाळाला उकडतंय. हातपाय गार लागणं हे थंडी वाजण्याचं लक्षण धरू नका. लहान बाळांचे ते तसे असतातच.

उन्हाळ्याच्या दृष्टीने कॉट निवडताना तळ बघा. सलग प्लायवूडपेक्षा फटी ठेवून बसवलेल्या पट्ट्यांचा तळ चांगला, गादीला खालून हवा लागते. फटी मात्र गजांच्या मापाच्याच, मोठ्या नाहीत. बाजू गजांच्या किंवा जाळीच्या. कापडाने चारी बाजू मढवलेली कॉट मे महिन्यात भट्टीच होते. गजांना बांधायचे ते मऊ लोड त्याच कारणाने नकोत, आणि त्याहून मोठं कारण म्हणजे बाळाचं नाक त्यात रुतलं तर त्याला तोंड फिरवता येत नाही. अमेरिकेत २०२२ च्या कायद्याने असे लोड विकायला बंदी आली. डोक्याकडून उंच असलेले झोपाळेवजा पलंगही त्याच कायद्यात गेले, कारण उतारावर बाळाची हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट अरुंद होते.

पंखा खुशाल लावा. कूलर असेल तर तोंड कॉटकडे नको आणि समोरची खिडकी उघडी ठेवा, नाहीतर खोली नुसती दमट होते. वीज गेली की पहिली गोष्ट टोपडं आणि कुंची काढायची. बाळाची बरीचशी उष्णता डोक्यावाटे बाहेर पडते. घरात झोपताना टोपडं नकोच. लंगोट आणि पातळ झबलं एवढं मे महिन्यात पुरे. घरात सोलापुरी चादरींची चळत असते हे मान्य, पण ती जाड चादर बाळाच्या अंगावर घालू नका. थंडीच्या दिवसांत सैल पांघरुणापेक्षा अंगात एक कपडा जास्त.

आता डास. पाणी काही दिवसांआड येतं, म्हणून पिंप, बादल्या, टाक्या भरलेल्या असतात आणि डेंग्यूचा डास तिथेच वाढतो. तो दिवसा चावतो, तेव्हा दुपारच्या झोपेलाही मच्छरदाणी हवी. ती कॉटच्या बाहेरून, चारी बाजूंनी ताणलेली असावी. गजांच्या आत लोंबणारी जाळी बाळ ओढतं आणि तोंडावर घेतं. छत्रीसारखी उघडणारी छोटी मच्छरदाणी कॉटच्या आत ठेवू नका. बाळ पलटायला लागलं की ते तिच्या कडेला जाऊन अडकतं. अगरबत्ती आणि कॉइलचा धूर बाळाच्या खोलीत नको.

५. मिस्त्रीकडून करून घ्यायची असेल तर

माझ्या मते सोलापुरात हा पर्याय सगळ्यात चांगला, फक्त मिस्त्रीला "चांगली करा" एवढंच सांगून भागत नाही. कागदावर मापं लिहून द्या. आधी गादी विकत आणा आणि तिच्या मापाने चौकट करून घ्या. उलटं केलं की फट राहते आणि मग फट भरायला कापड कोंबलं जातं.

लाकूड पूर्ण वाळलेलं हवं. ओलसर लाकडाची कॉट आपल्या कोरड्या उन्हाळ्यात आकसते, सांधे ढिले पडतात. सागवान परवडत नसेल तर दुसरं टणक, वाळलेलं लाकूड चालेल, पण उघड्या कडांचा एमडीएफ (लाकडाच्या भुशाची दाबून केलेली फळी) नको, तो ओल लागली की फुगतो. जोड नट-बोल्टचे घ्या, खिळ्यांचे नकोत. कडा गोल करून पॉलिश पेपरने घासून घ्या. मिस्त्रीचा हात चांगला असेल तर तो डोक्याकडच्या फळीवर मोर कोरायची तयारी दाखवेल. मोह होतो खरा. मोर कोरायचाच तर वरवर कोरा, आरपार भोक पाडू नका.

रंगाचं बघा. भारतात घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण दर दशलक्ष भागात ९० च्या वर असू नये, असा नियम २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू आहे. दात येताना बाळ कठडाच चावतं, म्हणून डब्यावर 'शिसे नाही' असं लिहिलेला नवा रंग आणा. कोनाड्यातला जुना अर्धा डबा वापरू नका. नातेवाइकांकडून आलेल्या जुन्या कॉटचा रंग पोपडे धरत असेल तर त्याच कारणाने नकार द्या. जुनी कॉट घेण्यात कमीपणा काहीच नाही, पण एकही बोल्ट कमी असेल आणि कुणी तिथे सुतळी बांधली असेल, तर ती भंगारातच.

६. आजीशी बोलून घ्या

हे काम कॉट निवडण्यापेक्षा अवघड. डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी, आडव्या बाजूला लोड, गळ्यात काळा दोरा आणि ताईत, वर लोंबणाऱ्या कापडी चिमण्या. यातली प्रत्येक गोष्ट मायेने आलेली असते. "तुम्ही चुकताय" असं म्हटलं की संवाद संपला. त्यापेक्षा "आई, डॉक्टरांनी पहिलं वर्ष उशी नको म्हटलंय" हे वाक्य कामाला येतं, आणि ते खोटंही नाही. दोरा झोपताना काढून मनगटावरही न बांधता कपाटात ठेवा. चिमण्या हाताला लागणार नाहीत इतक्या उंच, आणि बाळ बसायला लागलं की खाली उतरवा. डोक्याच्या आकारासाठी जागेपणी, कुणी जवळ बसलेलं असताना, बाळाला पोटावर ठेवा.

झोपवायचं मात्र पाठीवरच. पोटावर झोपवलं की बाळ शांत झोपतं हे आजीचं निरीक्षण बरोबर आहे, अडचण तिथेच आहे: गाढ झोपेत नाक दबलं तर ते जागं होत नाही. पाठीवर झोपवण्याचा प्रचार १९९० च्या दशकात सुरू झाल्यावर अमेरिकेत झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. साडीची झोळी दुपारी झोका द्यायला, कुणीतरी समोर बसलेलं असताना. रात्रीची झोप तिच्यात नको.

७. वापरायला लागल्यावर

बाळ बसायची धडपड करू लागलं की तळ एक पायरी खाली. धरून उभं राहिलं की सगळ्यात खाली. दुपट्यात गुंडाळणं, बाळ पलटायची चिन्हं दिसली की त्याच दिवशी बंद. महिन्यातून एकदा सगळे बोल्ट पान्याने आवळा, विशेषतः मे आणि पावसाळा संपताना, कारण लाकूड याच दोन वेळा हलतं. मूल ९० सेंटिमीटरच्या आसपास उंच झालं किंवा कठड्यावर पाय टाकू लागलं, की कॉटचा कठडा काढून टाका. मोठी कॉट घेतली असेल तर तिचा पलंग करा. लहान असेल तर पुढच्या घरी द्या. देताना बोल्ट आणि चावी एका पिशवीत भरून चौकटीलाच बांधा आणि मापांचा कागदही आत घाला.