पिनबॉलला ऑपेराचं संगीत लावताय? या चुका टाळा

दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, गावोगाव मंडई (जत्रा) भरते आणि रात्री नाटक असतं. अशाच एका मंडईत मी घरी बनवलेलं पिनबॉल, म्हणजे उतरत्या फळीवर बॉल उडवून गुण मिळवायचं यंत्र, मांडलं आणि त्याला रॉसिनीच्या ‘विल्यम टेल’ या ऑपेराचं (1829) ओव्हर्चर, म्हणजे सुरुवातीचं वाद्यसंगीत, जसंच्या तसं लावलं. ही पहिली आणि सगळ्यात मोठी चूक. घोडदौडीची ती प्रसिद्ध धून येते साधारण 12 मिनिटांच्या ओव्हर्चरच्या शेवटी. सुरुवात असते पाच चेलोंच्या (व्हायोलिनसारखं मोठं, खर्जातलं वाद्य) संथ सुरांनी. पोट्ट्यानं प्लंजर (बॉल उडवायचा दांडा) ओढला, बॉल बंपरवर (त्याला परत उडवणाऱ्या अडथळ्यावर) आपटून खाली गेलासुद्धा, आणि आकाशपाळण्याच्या भोंग्यापुढे चेलो कोणाला ऐकूच आले नाहीत.

नाटकातला ऑर्गनवाला रंगमंचावर डोळा ठेवून वाजवतो. पिनबॉलचं संगीतही बॉलकडे बघून बदललं पाहिजे. बॉल प्लंजरपाशी उभा असताना मी आता ‘कारमेन’ या ऑपेरातल्या (1875) ‘हाबानेरा’ गाण्याचा नुसता ठेका ठेवतो; तो कितीही वेळ फिरला तरी कंटाळा येत नाही. घोडदौड फक्त मल्टिबॉलला, म्हणजे एकाच वेळी अनेक बॉल सुटतात तेव्हा. मोझार्टच्या ‘मॅजिक फ्लूट’मधल्या रात्रीच्या राणीच्या त्या उंच ताना जॅकपॉटलाच (सगळ्यात मोठ्या गुणांना), तेही काही सेकंद. बॉलनं आपटायच्या दर टार्गेटला लावल्या तेव्हा तासाभरात कान किटले.

दुसरी चूक: बॉल पडताच गाणं तोडणं. एक आजोबा म्हणाले, “अर्ध्यातच कायले तोडतेस, भाऊ?” सम चुकल्यासारखं त्यांना टोचलं, आणि ते बरोबरच होतं. आता बॉल पडला की चालू संगीत अर्ध्या सेकंदात विरतं आणि त्याच पट्टीतला दोन सेकंदांचा शेवट वाजतो. यासाठी प्रत्येक तुकड्याची पट्टी आधीच लिहून ठेवा.

ऑर्केस्ट्रात हळू आणि मोठ्या आवाजातलं अंतर फार असतं. ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये कॉम्प्रेसर लावून ते कमी करा, नाहीतर जत्रेत अर्धं संगीत हरवतं.

आता यंत्राच्या तक्रारी. डीएफप्लेअर मिनी (मेमरी कार्डावरची गाणी वाजवणारं छोटं सर्किट) भलतंच गाणं वाजवत असेल तर मेमरी कार्ड फॉरमॅट करून फाइली एकेक करून क्रमानं चढवा. साधी प्ले कमांड नावाकडे बघत नाही, चढवलेल्या क्रमानं वाजवते. एमपीथ्री फाइल पुन्हा पुन्हा फिरवताना मध्ये खाच पडते, ठेका लंगडतो. म्हणून ठेका जोडून जोडून एकच पाच मिनिटांची फाइल करा. फ्लिपर (बॉल परत वर मारणारी दांडी) मारला की स्पीकर खरखरतो? फ्लिपर हलवणारी कॉइल आणि आवाजाचा वीजपुरवठा वेगळा ठेवा, ग्राउंड एकच. प्रत्येक कॉइलवर वन एन 4007 डायोड, डायोडवरच्या रंगीत पट्ट्याची बाजू पॉझिटिव्हकडे. डीएफप्लेअरला कमांड नेणाऱ्या आरएक्सच्या तारेत एक किलोओहमचा रेझिस्टर घातल्यावर माझी उरलेली गुणगुण थांबली.

मूळ संगीत सगळ्यांचं झालंय, रेकॉर्डिंग नाही. आपल्याकडे रेकॉर्डिंगचा हक्क प्रकाशनानंतर 60 वर्षं चालतो, म्हणून जुनं किंवा मुक्त परवान्याचंच घ्या.

आणि नाटकाची तिसरी घंटा झाली की मी यंत्राची विजेची पिन काढतो. तिकडे नांदी सुरू होते.