चार्जर लावलाय, तरी गेम खेळताना लॅपटॉपची बॅटरी उतरते? या चुका टाळा

चार्जर भिंतीला, गेम चालू, आणि तासाभरात बॅटरी 100 वरून 60 वर. ‘भिया, बॅटरी गेली’ असं मित्र सांगतात आणि पोरं थेट इंदूरचा सिल्व्हर मॉल गाठून नवी बॅटरी बसवून येतात. तीही तशीच उतरते.

आधी चार्जर उलटा करून लेबल वाचा. ‘आउटपुट’पुढचे व्होल्ट आणि अँपिअर गुणा. 19.5 गुणिले 9.23 म्हणजे 180 वॉट. 19.5 गुणिले 6.15 म्हणजे 120. पिन दोघांची सारखी असू शकते आणि फसगत तिथेच होते.

रामबागेतल्या एका विद्यार्थ्याचंच घ्या. मूळ 180 वॉटचा चार्जर बिघडला, ‘पिन बसते ना, मग चालतंय’ म्हणून 120 चा आणला. गेममध्ये ग्राफिक्स कार्ड 95 वॉट, प्रोसेसर 45, स्क्रीन-पंखे वगैरे 20, एकूण 160. वरचे 40 वॉट लॅपटॉप बॅटरीतून ओढणार. 57 वॉट-तासांची भरलेली बॅटरी त्या हिशेबाने दीड तासही पुरत नाही. त्याने विंडोज पुन्हा टाकलं, बॅटरी बदलली, उतार तोच. 180 चा चार्जर लावला आणि उतार थांबला. लेबल वाचायला अर्धा मिनिट लागतो, पण धीर नसला की हा खर्च होतो. चार्जर घेताना व्होल्ट तेवढेच हवेत, वॉट मूळ चार्जरइतके किंवा जास्त. डेलच्या गोल पिनमधली बारीक सुई चार्जरची ओळख सांगते. ती वाकली तर चार्जर अस्सल असूनही लॅपटॉप मंदावतो.

टाइप-सीचा 65 किंवा 100 वॉटचा चार्जर ऑफिसच्या कामाला ठीक, जड गेमला नाही.

चार्जर मूळचाच आहे आणि तरी थोडी उतरते? काही लॅपटॉप टर्बो मोडमध्ये मुद्दाम बॅटरीची मदत घेतात. मोड बॅलन्स्डवर आणा आणि ग्राफिक्स ड्रायव्हरमध्ये फ्रेमची मर्यादा सेकंदाला 60 करा. 144 फ्रेमचा हट्ट सोडला की विजेची ओढ लक्षात येण्याइतकी कमी होते. अशा वेळी पहिला उपाय हाच करावा, फुकटचा आहे.

बॅटरी 80 टक्क्यांवर अडकली तर तो बहुधा बिघाड नाही, बॅटरी टिकावी म्हणून असलेली चार्ज मर्यादा चालू असते.

स्टॅबिलायझर घेऊ नका. चार्जरवर इनपुट 100-240 व्होल्ट लिहिलेलं असतं, म्हणजे विजेचा तेवढा चढ-उतार तो स्वतःच सांभाळतो.

मे महिन्यात इंदूरचा पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हा चार्जर गादीवर नको, फरशीवर ठेवा. बॅटरी फार तापली की लॅपटॉप चार्जिंग स्वतःच थांबवतो.

बॅटरी खरंच थकली का, हे विंडोजच्या बॅटरी रिपोर्टमध्ये पाहा. ‘डिझाइन कपॅसिटी’ (नवी असतानाची क्षमता) 57,000 आणि ‘फुल चार्ज’ (आताची) 30,000 मिलिवॉट-तास असेल तर ती जुनी झाली, टक्के जवळजवळ दुप्पट वेगाने घसरणार. मात्र वॉटची तूट नव्या बॅटरीने भरत नाही.

टचपॅड वर उचलला गेलाय किंवा खालचं झाकण फुगलंय? गेम बंद, चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा. फुगलेली बॅटरी दाबू नका, टोचू नका. कारागिराकडून काढून घ्या.