गाडी वाळूपर्यंत, मुक्काम वाडीत: मराठवाड्यातून कोकणात जाताना राहायची जागा कशी निवडावी

आमच्याकडे पाणी बघायला जायचं म्हणजे मांजरा धरण किती भरलं ते बघायला जायचं. त्यामुळे समुद्र दिसला की आमचा माणूस गाडी थांबवत नाही, तशीच वाळूत घालतो. मीही घातली होती.

त्रिपुरी पौर्णिमेचा दिवस होता. संध्याकाळी साडेपाचला किनारा असा पसरलेला, की दोन क्रिकेटचे सामने शेजारी-शेजारी व्हावेत. गाडी पाण्यापासून लांब लावली आणि आम्ही सुरूच्या बनातल्या झोपडीत जेवायला बसलो. साडेआठला टपरीवाल्या काकांनी हाक मारली, "ओ पाहुणे, गाडी काढा पहिली!" पुढची चाकं ओली झाली होती आणि मागची गरागरा फिरून खड्डा करत होती. काळ्या रानात गाडी फसली तर आपण चाकाखाली पऱ्हाट्या, तुराट्या, दगड काहीही घालतो. तिथं पोरं सुरूच्या फांद्या घालत होती आणि वाळू त्या गिळत होती. शेवटी ट्रॅक्टर आला. त्यानं मागितले तेवढे मुकाट्यानं दिले.

तेव्हापासून कोकणातली खोली ठरवताना मी समुद्राचा फोटो शेवटी बघतो. गाडी रात्री कुठं उभी राहणार, हे आधी बघतो.

आधी कॅलेंडर काढा

भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी असते आणि भरतीचं गणित तिथीवरच चालतं. तिथीची पाऊणपट केली की साधारण भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमेला (पंधरावी तिथी) सव्वाअकरा. दिवसात दोनदा भरती येते, त्यामुळे घड्याळातली हीच वेळ दिवसातून दोनदा, थोड्या फरकानं धरायची. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी. दक्षिणेकडे सिंधुदुर्गात वेळ थोडी अलीकडे सरकते, पण अंदाजाला हे पुरतं. आकडा पक्का हवा असेल तर मोबाईलवर भरतीचं वेळापत्रक मिळतंच.

आता माझी चूक बघा. पौर्णिमेला संध्याकाळी पूर्ण ओहोटी असते आणि सूर्यास्ताला किनारा सगळ्यात रुंद दिसतो. तिथून पुढं मध्यरात्रीपर्यंत पाणी चढतच राहतं, आणि पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असल्यामुळं नेहमीपेक्षा वर येतं. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, म्हणजे चढ-उतार कमी. लहान लेकरं आणि म्हातारी माणसं सोबत असतील तर मी अष्टमीच्या आगे-मागे जातो. किनारा फोटोत तितका भव्य येत नाही, पण जीव टांगणीला लागत नाही.

ऋतूचं फार सांगायला नको. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो आणि जून-जुलैत मासेमारी बंद असते. मे महिन्यात आंबा असतो, पण गर्दी आणि घामही असतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम.

मग टापू ठरवा

संभाजीनगर-जालन्याकडून पुणे, ताम्हिणी, माणगाव असं उतरून दिवेआगर-श्रीवर्धन-हरिहरेश्वर सोयीचं पडतं. नांदेड, लातूर, धाराशिवकडच्यांना नागपूर-रत्नागिरी महामार्ग दारातूनच जातो. तुळजापूर, सोलापूर, मिरज, कोल्हापूर करत आंबा घाटानं थेट रत्नागिरी. मालवण-देवगड हवं असेल तर कोल्हापूरहून गगनबावड्याकडं वळायचं. एका दिवसात एवढं अंतर कापून रात्री घाट उतरू नका. कोल्हापुरात झोपा आणि सकाळी उतरा.

कोकणात नकाशावर समोर दिसणारं गाव मध्ये खाडी असली की तासा-दोन तासांवर जातं. दाभोळ-धोपावे, वेश्वी-बागमांडला, जयगड-तवसाळ अशा ठिकाणी गाडीसकट जंगरीतून, म्हणजे गाड्या नेणाऱ्या सपाट बोटीतून, पलीकडे जाता येतं. वळसा वाचतो आणि लेकरांची सफरही होते. मात्र शेवटची फेरी किती वाजता हे मुक्कामाच्या घरी विचारून घ्या.

गावागावाचा बाज वेगळा. गुहागरला गाव किनाऱ्याला समांतर लांबलचक पसरलंय. रस्त्याच्या एका अंगाची घरं अशी, की पुढच्या दारी गाडी लावायची आणि माड-पोफळीच्या वाडीतून चालत मागच्या दारानं वाळूवर उतरायचं. माझ्या लेखी पहिल्यांदा जाणाऱ्या कुटुंबाला याहून चांगली रचना नाही. तोंडवळी-तळाशील किंवा देवबागला एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी किंवा नदी आणि मध्ये जमिनीची चिंचोळी पट्टी. देखणं आहे, निवांत आहे. पण रस्ता एकच, समोरून टेम्पो आला की कुणीतरी मागं घ्यायचं, आणि विहिरीचं पाणी मचूळ लागू शकतं. वेळासला कासवं बघायला जायचं तर गावातल्या घरीच राहायचं आणि किनाऱ्यावर चालत जायचं. तिथं गाडीचा प्रश्नच येत नाही, हे बरंच आहे.

फोनवर काय विचारायचं

"सी-फेसिंग आहे का?" हा प्रश्न सोडून द्या. त्याचं उत्तर सगळे 'हो'च देतात. त्याऐवजी विचारा: "काका, गाडी रात्री कुठं उभी राहील? आवारात की पाखाडीत, म्हणजे घरांमधल्या अरुंद दगडी वाटेवर? फाटकातून मोठी गाडी जाते का? खालची जमीन जांभ्याची की वाळूची?" वाड्यांमधल्या वाटा दोन्हीकडून गडग्यांनी, म्हणजे दगडी कुंपणांनी, आवळलेल्या असतात. आपल्याकडच्या पांदीसारख्याच, फरक एवढाच की पांदीत बाभळीचा काटा लागतो आणि इथं जांभ्याचा दगड पत्रा सोलतो. गाडी वळवायला जागा आहे का, हेही विचारा. नाहीतर सकाळी अर्धा फर्लांग रिव्हर्स.

पुढचा प्रश्न पिण्याच्या पाण्याचा. मग वीज गेली तर इन्व्हर्टर आहे का, ड्रायव्हर सोबत असेल तर त्याच्या झोपण्याची सोय काय, जवळचा पेट्रोल पंप किती लांब. रेंज नसेल तर फोनवरून पैसे जात नाहीत, म्हणून रोख ठेवा.

जेवणाचं मोकळेपणानं बोला. आमच्याकडे घरात एक तरी माळकरी असतो. मासळीच्या भांड्यातलं त्याला चालत नाही आणि तिथं पोचल्यावर ऐनवेळी सांगितलं की यजमान काकूंची पंचाईत होते. आधी सांगितलंत तर वेगळी भांडी निघतात किंवा शेजारचं शाकाहारी घर सुचवलं जातं. ज्वारीच्या भाकरीचा आग्रह धरू नका. तांदळाची मिळेल, आणि वालाच्या उसळीसोबत ती झकास लागते.

घर किती आत असावं? सुरूच्या बनाच्या मागं, वाळूपासून दोन-तीनशे पावलं. गाज ऐकू येते, खारा वारा थेट अंगावर येत नाही आणि रात्री काळजी नाही. अगदी वाळूवरच्या तंबूचे पैसे जास्त आणि झोप कमी, असा माझा अनुभव.

पोचल्यावर

सामान उतरवण्याआधी किनाऱ्यावर जाऊन या. शिंपले, वाळलेलं शेवाळ, चपला, बाटल्या यांची एक वेडीवाकडी रेघ दिसेल. कालचं पाणी तिथपर्यंत आलं होतं. उधाण जवळ येत असेल तर उद्या ते त्याच्याही वर येईल. तुमचा तंबू किंवा गाडी त्या रेघेच्या जवळपास असेल तर जागा बदलून मागा.

गाडी वाळूवर नेऊ नका. कोकणातल्या बहुतेक किनाऱ्यांवर मनाई आहे आणि पोलीस गुन्हाही नोंदवतात. शिवाय नोव्हेंबर ते मार्च ऑलिव्ह रिडले कासवं रात्री येऊन वाळूत अंडी घालतात. चाकाखाली काय आहे ते दिसत नाही. त्याच दिवसांत समुद्राकडचे दिवेही रात्री बंद ठेवा, पिल्लं पाणी सोडून उजेडाकडं चालत येतात. वाळूवर गाडी चालवायचीच हौस असेल तर केरळात कन्नूरजवळ मुळप्पिलंगाडला जा. तिथं सुमारे चार किलोमीटरचा किनारा गाड्यांना मोकळा आहे. काळे खडक लाटा अडवतात आणि वाळू घट्ट बसलेली असते.

कुठंही फसलातच तर ॲक्सिलरेटर दाबू नका. दाबाल तितकी गाडी खाली जाते. सगळ्यांना उतरवा, चाकांतली हवा निम्म्याच्या आसपास आणा, चाकापुढची वाळू हातानं उपसा आणि दुसऱ्या गिअरमध्ये हळू काढा. ओहोटीनं नुकतीच सोडलेली ओली वाळू घट्ट असते. फसवते ती वरची कोरडी पट्टी, आणि ती जाताना एकदा, येताना एकदा ओलांडावीच लागते. गाडी निघाली की हवा भरेपर्यंत सावकाश चालवा.

परतीच्या दिवशी, वाळूवर गेला नसलात तरी, गाडी खालून गोड्या पाण्यानं धुवून घ्या. आमच्या गाडीचं ते राहून गेलं. सोलापूर ओलांडेपर्यंत मागच्या ब्रेकमधून वाळू करकरत होती, आणि लातूरच्या मेकॅनिकनं ड्रम उघडून तळहातावर चिमूटभर काढून दाखवली. त्यात एक शिंपलाही होता.